माळव्यातील अठ्ठावीस वर्षे

प्राचीन रोमच्या इतिहासात दोन शतकांचा एक कालखंड असा आहे की, त्याचे वर्णन करताना करड्या शिस्तीच्या इतिहासकाराचाही स्वर मृदू होतो. इ. स. पूर्व २७ मध्ये ऑगस्टसच्या हाती निर्विवाद सत्ता आली, तेव्हापासून इ. स. १८० मध्ये मार्कस ऑरेलियस निवर्तला तोपर्यंतच्या या काळाला 'रोमन शांतता' असे नाव मिळाले आहे. या शांततेचा लाभ केवळ भूमध्य समुद्राकाठच्या प्रजेलाच झाला असे नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या सागरी प्रवासवर्णनात आपल्या पैठणचा आणि तेरचा नामनिर्देश आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून सुती कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरावर जात असे. समुद्र निर्धोक असला, तिकडच्या बाजारात पैसा खेळता असला, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील कोष्ट्याच्या मागाला काम मिळते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे शिकवावे लागू नये.

पदवी वर्गाला हा भाग शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले की, आपल्याकडे अशी शांतता कधी होती काय? प्रश्न साधा होता. परंतु उत्तर देताना प्रस्तुत लेखकाला थोडे थांबावे लागले. मराठ्यांचा इतिहास आपण लढायांच्या क्रमाने शिकतो व शिकवितो. सन आणि रणक्षेत्र यांची जोडी जुळली की धडा संपला. ज्या वर्षी काहीच घडले नाही, पीक नीट आले, सारा वेळेवर भरला गेला आणि वाण्याचा बैल रस्त्यात लुटला गेला नाही, त्या वर्षाला आपल्या क्रमिक पुस्तकात जागा नसते. तरीही अशी वर्षे होती. सलग अठ्ठावीस होती. ती महाराष्ट्रात नव्हे तर माळव्यात झाली, आणि ती ज्या व्यक्तीने घडविली ती मात्र आपल्याच मुलखातली, सीना नदीकाठच्या चौंडी गावच्या पाटलाची मुलगी होती.

अहिल्याबाई होळकरांची त्रिशताब्दी २०२५ साली साजरी झाली. मिरवणुका निघाल्या, व्याख्याने झाली. पुण्यश्लोक, देवी, लोकमाता ही विशेषणे इतक्या वेळा उच्चारली गेली की, त्यांच्याखाली एक अत्यंत व्यवहारदक्ष राज्यकर्ती झाकली जाते, याचे भान फार थोड्यांना राहिले. देव्हाऱ्यात बसविलेल्या माणसाचा हिशेब कोणी मागत नाही. अहिल्याबाईंनी मात्र आयुष्यभर हिशेबच मागितले.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा. चौंडी आज अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात मोडते. वडील माणकोजी शिंदे. गावच्या देवळात ही मुलगी मल्हारराव होळकरांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, १७३३ च्या सुमारास खंडेरावांशी त्यांचा विवाह झाला हे निश्चित. मुलगा मालेराव १७४५ मध्ये आणि मुलगी मुक्ताबाई १७४८ मध्ये झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. त्या वेळी अहिल्याबाईंना एकोणतिसावे वर्ष चालू होते. त्या सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. परंतु त्यानंतर सासऱ्याने सुनेला काय शिकविले याची चर्चा पुरेशी होत नाही. मल्हारराव वर्षानुवर्षे मोहिमेवर असत. मागे वसुली, रसद, तोफखाना आणि दारूगोळा यांची व्यवस्था अहिल्याबाई पाहत. १७६५ मध्ये सासऱ्याने त्यांना तोफखान्यासह ग्वाल्हेरकडे कूच करण्याविषयी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. घरातील विधवा सुनेला असे पत्र लिहिणारा सरदार त्या काळात दुसरा शोधावा लागेल.

मल्हारराव २० मे १७६६ रोजी वारले. गादीवर आलेला मालेराव वर्षही पुरे न होता, १७६७ मध्ये मरण पावला. दौलतीला पुरुष वारस उरला नाही. अशा वेळी काय होते हे मराठ्यांच्या इतिहासात अनेकदा दिसते, आणि तेच येथेही व्हावयाचे होते. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेण्याचा आग्रह धरला, राघोबादादांना बोलावणे धाडले. दत्तक मूल अज्ञान, म्हणजे कारभार दिवाणाकडे आणि नजराणा दादासाहेबांकडे, असा हा सरळ हिशेब होता. अहिल्याबाईंनी तो ओळखला. त्यांनी शेजारच्या मराठा सरदारांकडे साहाय्य मागितले, स्वतः लढाईची सिद्धता केली, आणि त्याच वेळी पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली. बाईशी लढून हरलो तर नामुष्की आणि जिंकलो तरी कीर्ती नाही, हे दादासाहेबांच्या ध्यानी आणून देण्यात आले असे सांगतात. माधवरावांनी अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला. राघोबादादा समाचाराला आलो होतो असे म्हणत परतले.

यानंतर अहिल्याबाईंनी जो निर्णय घेतला त्याचे महत्त्व रोमच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. रोमच्या शांततेतील सर्वांत चांगला काळ नर्व्हापासून मार्कस ऑरेलियसपर्यंतचा मानला जातो. या काळात सम्राटाने पोटच्या मुलाला नव्हे, तर योग्य माणसाला दत्तक घेऊन वारस नेमण्याची प्रथा पडली होती. मार्कसने ती मोडून आपल्या मुलाला गादी दिली आणि शांततेचा शेवट तेथेच सुरू झाला. अहिल्याबाईंनीही नात्याचा विचार बाजूस ठेवला. मल्हाररावांच्या विश्वासातले, अनुभवी, परंतु घराण्याच्या वारसाशी थेट रक्तसंबंध नसलेले तुकोजी होळकर यांना त्यांनी सेनापती केले. फौज तुकोजींकडे, आणि खजिना व मुलकी कारभार महेश्वरात आपल्याकडे, अशी ही वाटणी होती. दोन माणसांच्या हाती अशी विभागलेली सत्ता दोन-चार वर्षांहून अधिक टिकत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ही सुमारे तीस वर्षे टिकली. त्यात कुरबुरी पुष्कळ झाल्या; त्यांचा उल्लेख पुढे येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही शांतता आली कशी? धर्मशीलतेने आली, हे उत्तर भाविकाला पुरेसे वाटेल. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला ते पुरत नाही.

माळव्याचा इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने त्या प्रदेशातील वृद्धांकडून, जुन्या कारकुनांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जेत्यांचा प्रतिनिधी असलेल्या या माणसाला होळकरांच्या स्तुतीची गरज नव्हती. त्याच्या ग्रंथातील एक तपशील वाचताना प्रस्तुत लेखक दर वेळी थबकतो. इंदूरचा कमाविसदार वीस वर्षांहून अधिक काळ बदलला नाही, आणि गोविंदपंत गानू हे जवळजवळ संपूर्ण कारकीर्दभर कारभारी राहिले.

वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु मराठेशाहीतील वसुलीची पद्धत ध्यानी घेतली तर तिचे मोल कळते. कमाविसदाराची नेमणूक होताना त्याच्याकडून अपेक्षित वसुलीचा एक भाग रसद म्हणून आगाऊ घेतला जाई. ही रक्कम तो सावकाराकडून व्याजाने उभी करी. पुढच्या वर्षी आपण या जागी असू की नाही याची शाश्वती नसल्याने, मुद्दल, व्याज आणि आपला नफा एकाच हंगामात रयतेकडून काढणे त्याला भाग पडे. दर दोन वर्षांनी माणूस बदलला म्हणजे दर दोन वर्षांनी रयत नव्याने पिळली जाई. ज्याला वीस वर्षे त्याच परगण्यात राहावयाचे आहे, तो मात्र यंदा नाडलेला शेतकरी पुढच्या साली पेरणार नाही हे जाणतो. त्याचा स्वार्थच त्याला संयम शिकवितो. हलका सारा आणि टिकाऊ अधिकारी या दोन गोष्टींनी माळव्याच्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षाचा भरवसा दिला. इंदूर हे साधे गाव त्या काळात भरभराटीचे शहर झाले, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट मालमत्तेच्या सुरक्षिततेची. निपुत्रिक सावकार मेला की त्याच्या विधवेकडून दत्तकाच्या परवानगीसाठी जबर नजराणा उकळावयाचा, किंवा संपत्तीच सरकारजमा करावयाची, ही त्या काळची सर्रास रीत होती. अशीच एक विधवा महेश्वराला गाऱ्हाणे घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या इस्टेटीवर प्रत्यक्ष तुकोजींची नजर होती. अहिल्याबाईंनी तिची संपत्ती तिच्याकडे कायम केली आणि आपल्याच सेनापतीला त्या भागातून छावणी हलविण्यास फर्माविले. खरगोणच्या दोन विधवा आपण होऊन आपले सारे द्रव्य अर्पण करू लागल्या, तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. त्या बायांनी स्वतःच्याच हाताने ते लोकोपयोगी कामात खर्चावे असे सुचविले. अशा वार्ता बाजारपेठेत फार वेगाने पसरतात. ज्या राज्यात विधवेची तिजोरी सुरक्षित आहे, त्या राज्यात पेढी काढावयास कोणाही सराफाला भय वाटत नाही. महेश्वराला विणकर येऊन वसले आणि तेथील लुगड्यांचे नाव आजही टिकून आहे, त्याच्या मुळाशी हा विश्वासच असला पाहिजे.

तिसरी गोष्ट भिल्लांची. विंध्य-सातपुड्याच्या घाटांतून व्यापाऱ्यांचे तांडे लुटले जात. आरंभी अहिल्याबाईंनी कठोर उपाय योजले, काही म्होरक्यांना देहान्त शिक्षाही झाल्या. त्यानंतर त्यांनी भिल्लांचा एक परंपरागत हक्क मान्य केला. घाटातून जाणाऱ्या मालावर त्यांनी भिलकवडी नावाचा अल्पसा कर घ्यावा. त्याबदल्यात पडीक जमीन लागवडीस आणावी, आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास माल शोधून द्यावा. लूट ही अनिश्चित असते, पथकर निश्चित असतो. लुटीने वाट ओस पडते, कराने ती वाहती राहते. जो कालपर्यंत वाट मारीत होता त्यालाच वाट वाहती राहण्यात भागीदार करून घेणे, ही कल्पना आजच्या कोणत्याही प्रशासकाला भूषणावह ठरावी.

खजिन्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. होळकरांकडे दौलतीचा खजिना निराळा आणि खासगीचा निराळा होता. खासगीची स्वतंत्र गावे होती, त्यांचे उत्पन्न घराण्यातील स्त्रीकडे जाई. अहिल्याबाईंच्या हाती आलेला संचित खजिना सुमारे दोन कोटींचा होता असे माल्कम म्हणतो. तो त्यांनी तुळशीपत्र ठेवून धर्मकार्यासाठी सोडला. काशीविश्वेश्वराचे १७८० च्या सुमाराचे मंदिर, सोमनाथाचे १७८३ चे, गयेचे १७८७ चे विष्णुपद मंदिर, आणि देशभरातील घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च खासगीतून झाला. आपल्या वेरूळला घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धारातही सासूबाई गौतमाबाई आणि अहिल्याबाई या दोघींचा हात आहे. जवळच्या लाल दगडी शिवालय तीर्थाच्या पायऱ्यांवर आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना बसवितो. मुले आधी डबे उघडतात, मग इतिहास ऐकतात, असो.

ऑगस्टसनेही देवळे बांधली होती. एका वर्षात ब्याऐंशी देवालये दुरुस्त केल्याचे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले. सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या निधीला पदरचे सतरा कोटी सेस्टर्स दिल्याचेही त्याने लिहिले, आणि ही सारी यादी धातूच्या पत्र्यांवर कोरून आपल्या समाधीपुढे लावण्याची व्यवस्था केली. अहिल्याबाईंपुढे एका ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ वाचला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत बुडविण्यास सांगितला. दोघांच्या स्वभावातील हे अंतर मोठे आहे. परंतु राज्यशास्त्राच्या दृष्टीने ऑगस्टसचा सतरा कोटींचा निधी अधिक विचार करण्यासारखा आहे, हेही कबूल करणे प्राप्त आहे. त्याने सैन्याच्या खर्चाची कायमची सोय लावली. अहिल्याबाईंना ती लावता आली नाही.

येथे त्या कारकीर्दीतील दुखरी जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. तुकोजी दक्षिणेत, उत्तरेत, पेशव्यांच्या मोहिमांवर फौज घेऊन हिंडत. फौजेचे पगार थकत. तुकोजी महेश्वराकडे पैसे मागत. अहिल्याबाई मागील रकमांचा हिशेब मागत. दोघांची पत्रे या तक्रारींनी भरली आहेत. तुकोजी हिशेबाचे पक्के नव्हते, हे खरे. परंतु त्याच काळात महादजी शिंदे द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या करीत होते, आणि होळकरांची फौज बव्हंशी जुन्या घडणीची राहिली, हेही तितकेच खरे. १७९३ च्या जूनमध्ये लाखेरीला शिंद्यांच्या पलटणींनी होळकरांची फौज धुळीस मिळविली. खासगीतील द्रव्य घाटांवर खर्च न होता तोफांवर झाले असते तर काय झाले असते, असा प्रश्न काही जण विचारतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, दोष घाटांचा नव्हे. फौज आणि खजिना यांच्यामध्ये नियमाने बांधलेला दुवा नव्हता, सारा व्यवहार दोन व्यक्तींच्या एकमेकांविषयीच्या आदरावर व चिडीवर अवलंबून होता, दोष तेथे आहे.

शिवाय ही शांतता रक्ताचा थेंब न सांडता आली, असेही नाही. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी दोनदा उठाव केला आणि तो सक्तीने मोडून काढण्यात आला. माळव्यात फौज थोडी ठेवूनही भागले, याचे कारण तुकोजींची मोठी फौज बाहेर होती आणि महादजींचा दरारा शेजारी होता. रोममध्ये शांतता नांदत होती तेव्हाही ऱ्हाइन आणि डॅन्यूबच्या काठी सैन्य खडे पहारे करीतच होते.

रोजचा क्रम कडक होता. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. दुपारी दरबार तो सूर्यास्तापर्यंत. रात्री पुन्हा कामकाज. पडदा त्यांनी पाळला नाही. फिर्याद घेऊन आलेला कोणीही समोर येऊन बोलू शकत असे. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ, कलकत्ता येथे त्यांचे वकील होते. पांढरे साधे वस्त्र नेसणाऱ्या या बाईंना दिवसाकाठी किती पत्रे ऐकावी लागत असतील याचा अंदाज कचेरीत नोकरी केलेल्या वाचकाला सहज करता येईल.

एवढे सारे सावरणाऱ्या या स्त्रीला घर मात्र सावरता आले नाही. नवरा, सासरा, मुलगा गेलेच होते. मुलगी मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा तरुण मुलगा गेला, आणि पाठोपाठ १७९१ मध्ये फणसेही गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. अहिल्याबाईंनी परोपरीने विनविले, पायाशी लोळण घेतली. मल्हाररावांनी जे सुनेच्या बाबतीत साधले ते त्यांना मुलीच्या बाबतीत साधले नाही. मुलगी म्हणाली त्याचा आशय असा की, तुमचे वय झाले आहे, आणि तुमच्यामागे मला जगावयास काही उरणार नाही. अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघांनी धरून ठेवलेले असताना त्यांनी आपले हात दातांनी चावले, असे माल्कम सांगतो. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. मग पुन्हा दरबार सुरू झाला. ज्यांच्या शब्दाने सेनापती छावणी हलवीत, त्यांना ही एक रूढी आपल्याच अंगणात थांबविता आली नाही, ही गोष्ट चरित्रकार घाईने उरकतात. ती घाईने उरकू नये असे वाटते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अहिल्याबाईंचे देहावसान झाले. ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजीही गेले. त्यांच्या मुलांत कलह माजला. एक भाऊ पुण्यात शिंद्यांच्या हल्ल्यात मारला गेला, एकाला १८०१ मध्ये पेशव्यांनी हत्तीच्या पायी दिले. यशवंतरावांनी महेश्वरचा राखलेला खजिना ताब्यात घेतला आणि तो फौजेत गेला. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. अठ्ठावीस वर्षांत जमलेली पेठ काही दिवसांत उजाड झाली. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा खानदेश आणि नगर प्रांतातून फिरल्या. उभी पिके गेली, बैल गेले, पेरणी झाली नाही, आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. त्या दुष्काळाच्या टापूतच चौंडीचा परिसर येतो.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ, असई गावी, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा इंग्रजांशी लढून पराभूत झाल्या. होळकर त्या लढाईत उतरले नाहीत. ते दूर राहून पाहत होते. जखमी झालेल्या इंग्रज शिपायांना तेथून हलवून अजिंठा गावच्या तटबंदीत आणून ठेवण्यात आले. सिल्लोडहून तो तट तासाभराच्याही वाटेवर नाही. ज्या विद्यार्थ्याने वर्गात प्रश्न विचारला होता तो अजिंठ्याहूनच रोज एस. टी. ने येतो.